त्याच लॉटचा तुकडा

परीक्षक साहेबांनी प्रज्ञाच्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत पहिल्याच वाक्यात निकाल लावून टाकला. पांडेसऱ्याच्या, म्हणजे मिलच्या वस्तीतल्या डबक्यातले बेडकाचे टॅडपोल, त्यात कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या गटाराचं पाणी. शेपट्या त्यानेच सडल्या, प्रबंधात म्हटलंय त्या थायरॉइडच्या हार्मोनचा काय संबंध, साहेब म्हणाले. शिकलेल्या माणसाला पांडेसरा म्हटलं की फक्त गटार दिसतं. वर्षभर प्रज्ञाच्या प्रयोगाच्या डिश पाहणारे गाइड सर शेजारी बसून मान डोलावत होते. प्रबंध नापास झाला तर एम.एस्सी. गेली, हे त्यांनाही ठाऊक होतं.

प्रज्ञा घाबरली नाही. तिने पिशवीतून जाड पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, मिलमध्ये रंगाचे नमुने डकवतात तसलं. साहेब हसले. हा प्रबंध आहे की साड्यांचा कॅटलॉग, असं विचारून झालं.

तिचे वडील श्रीपत वीस वर्षं मिलमध्ये कापड रंगवत होते. प्रयोग सुरू झाला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, औषधाशिवायचा शेपटीचा तुकडा कुठला ठेवणार? दुसऱ्या टॅडपोलचा, सगळे तसंच करतात, ती म्हणाली. श्रीपत वैतागले.

"दुसऱ्या लॉटचा तुकडा ठेवला की डाइंग मास्टर 'कापडच वेगळं होतं' असं खोटं बोलायला मोकळा. त्याच लॉटचा काप, पोरी."

तिने तसंच केलं. एकाच टॅडपोलच्या शेपटीचे दोन तुकडे. एक साध्या मिठाच्या पाण्यात, दुसरा हार्मोनच्या पाण्यात, आणि त्याच्याजवळ त्याच टॅडपोलच्या मागच्या पायाचा कोंब. रोज तुकड्यांच्या कडा ती कार्डावर गिरवून ठेवायची.

"सर, जनावर एकच, डबकं एकच. गटाराने सडायचं तर दोन्ही तुकडे सडले असते. साध्या पाण्यातला जसाच्या तसा आहे. हार्मोनमधला पाचव्या दिवशी निम्मा झाला, आणि त्याच डिशमध्ये पायाला बोटं फुटतायत. विष शेपटी खाऊन पाय वाढवतं का?"

साहेबांचं हसू मावळलं. मग हार्मोन एक असून परिणाम दोन का, त्यांनी विचारलं.

"हार्मोन ओळखणारे रिसेप्टर शेपटी आणि पाय, दोन्हीकडच्या पेशींत आहेत. हार्मोन त्यांना धरतो, पण पुढे कुठली जीन्स जागी करायची ते त्या त्या पेशीचं ठरलेलं असतं. शेपटीत तिला पचवणारी, पायात वाढवणारी. टब एक, रंग एक; पॉलिएस्टर गडद होतं, कॉटन जेमतेम डागाळतं."

साहेबांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. ही तुकड्याची पद्धत कोणाची, असं त्यांनी गाइड सरांकडे बघून विचारलं. सरांनी घसा साफ केला.

"माझ्या बाबांची," प्रज्ञा मध्येच म्हणाली. "श्रीपत, डाइंगचं जेट मशीन नंबर चार. आभाराच्या पानावर पहिलं नाव त्यांचंच आहे."

साहेबांनी ते पान उघडून वाचलं, मग सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.