गाडी लावायला गेलेला माणूस

“साखर घातलीसच पुन्हा,” कपात बघत ॲव्हरिल पुटपुटली. “एकतीस वर्षं झाली मला साखर सोडून. तुझ्या लक्षात राहायला अजून किती लागतील?”

“थर्मास एकच आहे,” डिलिस म्हणाली. “आणि क्लिफला...” पुढचं तिने चहाबरोबर गिळलं.

ॲव्हरिलनेही मग तो गोड चहा मुकाट्याने संपवला.

नोव्हेंबरचा वारा थेम्स नदीवरून सरळ टीव्ही स्टुडिओबाहेरच्या रांगेत घुसत होता. विनोदी मालिकेच्या चित्रीकरणाला बसणाऱ्या प्रेक्षकांसाठी दारं साडेपाचला उघडणार होती, पण या दोघी मैत्रिणी दोन वाजल्यापासून भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिकीट फुकट असतं आणि बरेच जण येतच नाहीत, म्हणून खुर्च्या तीनशे असल्या तर तिकिटं साडेचारशे वाटायची ही इथली जुनी रीत. उशिरा येणाऱ्याने गोड मानून घरी जायचं. तिकिटावर नेहमीसारखं ‘तीन जण’ असं होतं. ऑगस्टमध्ये अर्ज भरताना डिलिसच्या हाताने सवयीने तीन लिहिलं, आणि मग ते खोडायला काही तो हात वळला नाही.

क्लिफ, म्हणजे तिचा नवरा, फेब्रुवारीपासून नव्हता. सगळ्यांना फोन ॲव्हरिलने केले, पत्रं मुलीने लिहिली. डिलिसने ते वाक्य नऊ महिन्यांत एकदाही तोंडाबाहेर काढलं नव्हतं. तिला वाटायचं, न बोललेलं वाक्य म्हणजे न मोडलेली नोट. अजून आपल्यापाशीच आहे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ती आणि क्लिफ इथे पहिल्यांदा आले होते. खिशाला परवडेल अशी दुसरी करमणूकच नव्हती. आत शिरलं की ओल्या रंगाचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास यायचा. समोर मालिकेसाठी उभारलेलं तीनच भिंतींचं घर, त्यात खऱ्या घरापेक्षा चांगले पडदे. क्लिफ छापखान्यात होता, यंत्रांनी त्याचे कान तिशीतच खाल्ले होते. पण ते तो कुणाला कळू द्यायचा नाही. विनोद झाला की डिलिस त्याच्या कानात तो पुन्हा सांगायची, आणि सगळ्यांचं हसून संपल्यावर क्लिफचं एकट्याचं खो-खो सुरू व्हायचं. त्या हसण्याला लोक दुसऱ्यांदा हसायचे. नट बिचारे पुढचं वाक्य तोंडात धरून थांबायचे. रांगेतल्या नेहमीच्या मंडळींनी त्याचं नाव ‘उशिराची गाडी’ ठेवलं होतं.

मग चारपाच महिन्यांनी तो भाग प्रेक्षकांच्या हसण्यासकट टीव्हीवर लागायचा. क्लिफ खुर्ची पुढे ओढून बसायचा आणि विचारायचा, “माझं आलं का?” त्याचं हसणं आलं की डिलिस त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची. क्लिफ मान डोलवायचा, जणू त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दारं उघडली. चौथ्या ओळीत कडेच्या तीन खुर्च्या मिळाल्या. डिलिसने डावीकडच्या खुर्चीवर आपला कोट ठेवला.

डोक्यावर हेडफोन लावलेली स्टुडिओतली एक बाई लगबगीने आली. “इथे कुणी आहे? रिकामी खुर्ची कॅमेऱ्यात दिसून चालत नाही. बाहेर बरीच माणसं उभी आहेत, त्यातलं एक बसवते.”

डिलिसने कोटावर हात ठेवला.

“हिचे मिस्टर आहेत,” ॲव्हरिल मधेच म्हणाली. “गाडी लावायला गेलेत.”

डिलिसने वळून तिच्याकडे पाहिलं. क्लिफने जन्मात गाडी घेतली नव्हती.

“दुसरं काही सुचलंच नाही गं,” ॲव्हरिल पुटपुटली.

थाप पचली असती, पण पायऱ्यांवर रोली उभा होता. चित्रीकरणाआधी आणि मधल्या वेळात प्रेक्षकांना हसतं ठेवायचं हे त्याचं काम. वीस वर्षं तो हेच करत होता, आणि त्याचे कान मांजराचे होते.

“अरे, या तर आमच्या बाई!” त्याने माईक तोंडाशी नेला. “मंडळी, यांच्या यजमानांना विनोद पुढच्या स्टेशनावर कळतो. आज ते स्वतःच अजून पोचले नाहीत. गाडी लावतायत!”

सगळे हसले. डिलिसही हसली, दुसरं काय करणार.

पहिला प्रवेश झाला. सोफा हलवेपर्यंत रोली पुन्हा आला. “काय बाई, मिळाली का जागा? नाही? एव्हाना समुद्रकाठी ब्रायटनला पोचले असतील.” दुसऱ्या प्रवेशानंतर क्लिफ समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये जागा शोधत होता. लोक मालिकेपेक्षा त्यालाच जास्त हसत होते. डिलिसच्या डोळ्यांपुढे तो खरंच दिसायला लागला, टोपी घालून, कुणाच्या तरी गाडीत, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. त्याला हे आवडलं असतं. कुणीतरी कानात सांगायला हवं होतं, एवढंच.

तिसऱ्या प्रवेशात नटीचं वाक्य चुकलं. “पुन्हा घेतोय,” रोली म्हणाला, “तोच विनोद, मंडळी, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसा.” विनोद झाला, सगळे हसले, आणि डिलिस सवयीने डावीकडे वाकली. कोटाच्या कॉलरपाशी तोंड नेऊन तिने अख्खा विनोद सांगितला आणि थांबली.

हसणं विरलं. पुढचं वाक्य अडखळलं नाही. कुणी थांबलं नाही.

ॲव्हरिलने तिचा हात धरला.

दिवे बदलले, आणि रोली थेट त्यांच्या ओळीत येऊन बसकण मारल्यासारखा वाकला. “खरं सांगा बाई, शेवटचं विचारतो. कुठे लावलीय गाडी?”

माईक तिच्या हनुवटीपाशी आला.

“त्याला गाडी चालवताच येत नाही,” डिलिस म्हणाली.

सगळा स्टुडिओ हसून लोटपोट झाला. त्या गडगडाटात डिलिसने माईकवर तळवा ठेवला, दुसऱ्या हाताने रोलीची मान जवळ ओढली, आणि चाळीस वर्षं जसं सांगत आली होती तसंच, शब्द न शब्द, हळू त्याच्या कानात सांगितलं.

“क्लिफ वारला. फेब्रुवारीत.”