फाटकातून नव्हे

नखात अडकलेली तांबड्या रंगाची खपली... उन्हात धरली तर तिच्या पोटाशी राखाडी दिसतं, ते पहिलं, तंबूचं राखाडी... सेफाको मोखेले अंगणात उलट्या बादलीवर बसून ती खपली निरखत होता. मांडीवर खाणीतलं जुनं हेल्मेट होतं, सामन्याला मिरवायचं – कडा कापून कानांसारख्या वर वळवलेलं, कपाळावर त्याच कातरलेल्या प्लॅस्टिकचा गोलपोस्ट उभा केलेलं – आणि सकाळपासून खरवडून त्याच्या पदरात ही एवढी खपली पडली होती. पायाशी जांभळ्या रंगाचा डबा. झाकण अजून उघडलेलं नाही. दुपारी सामना, नव्या नावाचा, नव्या रंगाचा, पहिला.

"ओ न्ताते, डोकं रंगवताय की हेल्मेट?" दिसेबोने दारातूनच विचारलं. बायकोने न्ताते, म्हणजे 'बाबा', असं मानाने म्हटलं की समजावं, पुढे काहीतरी येणार आहे. "रंगवायचं तर रंगवा, नाहीतर द्या इकडे. कोंबडी अंडी घालील त्यात."

"विचार करतोय."

"मग काही होत नाही आज."

ती आत गेली आणि ज्वारीच्या आंबिलीचा आंबूस वास तेवढा तिच्या मागे अंगणात रेंगाळला. विचार करतोय असं तो म्हणाला खरा, पण विचार कुठला, नुसता वारा होता... दक्षिण आफ्रिकेतल्या हिवाळ्याचा, ऑगस्टमधला हा कोरडा वारा इथे बोत्शाबेलोत पहिल्या दिवशीही असाच होता. गोऱ्या सरकारच्या ट्रकांनी माणसं आणून उघड्या माळावर ओतली, झाड नाही, भिंत नाही, नुसते तंबू आणि पत्र्याच्या संडासांच्या रांगा, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दोन तंबूंचे खांब उपटून गोलपोस्ट रोवले. त्या रात्री दोन कुटुंबं कापडाखाली सपाट झोपली, पण टेंट रोव्हर्सचा सामना झाला. फाटक्या तंबूचेच राखाडी शर्ट. आणि मोहाउ – असा सेंटर फॉरवर्ड पुन्हा होणे नाही – त्याने वाऱ्याच्या दिशेने अशी लाथ मारली की बॉल थेट शेजारच्या देशात, लेसोथोत गेला, आणि मंगळवारी परत आला तेव्हा त्याच्यावर सरहद्दीवरच्या शिपायाचा शिक्का होता. लोक हसतात. हसू देत. मी तो शिक्का पाहिलाय. निदान इतक्या वेळा सांगितलाय की आता डोळे मिटले तरी दिसतो – गोल, जरा फिसकटलेला, आणि...

सेफाको दचकला. आणि जांभळा. शिक्का जांभळा होता!

"दिसेबो!" तो ओरडला. "आपला रंग पहिल्यापासून जांभळाच आहे!"

"परवापर्यंत शिक्का निळा होता," आतून आवाज आला.

त्याला हसू आलं. पण डब्याकडे गेलेला हात वाटेतच थांबला, कारण कुंपणापलीकडे त्सोलो उभा होता. त्सोलो, चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, रोव्हर्सच्या प्रत्येक सामन्यात कुडू हरणाचं शिंग फुंकणारा. पूर्वी काठीसारखा होता, आता त्याच्या पोटावर अंगाभोवती पांघरायचं ब्लँकेटही पुरत नाही.

"रंगवतोयस?" त्सोलो म्हणाला. "रंगव. छान दिसशील. पिकलेल्या वांग्यासारखा."

"चहा घेतोस?"

"वांग्यांबरोबर मी चहा घेत नाही." मग त्याने कुंपणाच्या तारेवर दोन्ही हात ठेवले आणि आवाज खाली आणला, आणि सेफाकोला तो ओरडला असता तर बरं असं वाटलं. "आपली टीम विकली तेव्हा तू आठ दिवस जेवला नव्हतास. आठवतं? आता या ट्रकवाल्या मालकाने कुणाची तरी विकत आणलीय. समुद्राकाठच्या त्या गावात आज कुणी म्हातारा असाच अंगणात बसलाय, सेफाको. त्याचा जांभळा रंग खरवडत. आणि तो रंग तू डोक्यावर घालणार, नाचणार. जा. माझा पाय मात्र त्या फाटकाला लागायचा नाही."

"मी काही चोरी केली नाहीये."

"चोरीचा माल घालून फिरणारा असंच म्हणतो." आणि तो गेला. रस्त्यावरच्या धुळीने त्याला लगेच पुसूनही टाकलं.

हेल्मेट एकाएकी जड झालं. म्हणजे प्रश्न रंगाचा नव्हताच, तो गेले कित्येक दिवस उगीच रंगाभोवती फिरत होता... हे जे परत आलंय, ते आपलं आहे का? असेल तर जावं. नसेल तर मग इतकी वर्षं रिकाम्या मैदानाकडे बघत जे जपून ठेवलं ते कुणाला द्यायचं? आणि आपण गेलो आणि त्सोलो कायमचा तुटला तर? मोहाउ गेला, बाकीचे बहुतेक गेले. लेसोथोत गेलेल्या बॉलची गोष्ट ऐकून 'थापाड्या!' म्हणून ओरडणारं माणूस आता एकच उरलं होतं.

तंबूंच्या दिवसांनंतर विटांचा कारखाना आला होता आणि त्याने टीम पदराखाली घेतली. राखाडीवर तांबडा चढला. कारखान्याच्याच विटांनी मैदानाभोवती भिंत उभी राहिली, आणि भिंत झाली म्हणून फाटक आलं, आणि फाटक आलं म्हणून करणी आली – कारण पाहुण्या संघाचा मांत्रिक आदल्या रात्री येऊन फाटकाखाली काहीतरी पुरून जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावरून चालत गेलेल्याच्या पायांचे ओंडके होतात. तेव्हा शहाणा संघ फाटकातून जात नाही. भिंतीवरून जातो. रोव्हर्स मागच्या बाजूच्या भिंतीवरून आत उतरायचे, आणि चढण्यासाठी पायरी होती सेफाकोची पाठ.

ती कुणी दिली नव्हती, त्याने मागितलीही नव्हती. एकदा तो वाकला आणि गोलकीपर चढला, बस्स. त्या दिवशी जिंकले. मग दुसरी पाठ कशाला शोधायची? दर शनिवारी अकरा जण एकामागून एक त्याच्या पाठीवर पाय देऊन पलीकडे जायचे, प्रत्येकाचं वजन त्याला वेगळं कळायचं, कोण घाबरलाय, कोण रात्री प्यालाय, कुणाचा घोटा दुखतोय ते पाठीला आधी समजायचं आणि प्रशिक्षकाला नंतर. मोहाउ तर पाय ठेवायचाच नाही जवळजवळ. पाठीवरून पक्षी उडून गेल्यासारखं व्हायचं. भिंतीपाशी माक्वेन्या, तळलेले पिठाचे गोळे, विकणारी एक मुलगी त्याच्या कोटावरचे बुटांचे ठसे बघून फिदीफिदी हसायची. एका शनिवारी म्हणाली, काढा तो कोट, धुऊन देते, रस्ता चालून जातोय तुमच्यावरून. तो कोट त्याला परत मिळाला तो लग्नानंतर. खाणीने काढून टाकलं, ते हेल्मेट तेवढं डोक्यावर ठेवून, तेव्हाही शनिवारी वाकायला एक जागा होती. माणसाला आणखी काय लागतं? मी त्या भिंतीचं देणं लागत नाही असा माझ्या आयुष्यात एक दिवस नाही...

आणि मग वरची लीग, रेडिओवर नाव, मोठ्या शहरांतून येणारे घमेंडखोर संघ धूळ खाऊन परत जाताना. आणि मग एका सकाळी त्याच रेडिओवर, हवामानाच्या अंदाजाआधी: रोव्हर्सची लीगमधली जागा विकली गेली. उत्तरेकडे. नाव, रंग, सगळं गेलं. मैदानात शेळ्या आल्या, अंत्ययात्रा आल्या, तंबू ठोकून प्रार्थना करणारे आले.

त्याने डबा उघडला. ब्रश बुडवला. हेल्मेटचा उजवा कान जांभळा केला आणि थांबला. समुद्राकाठचा म्हातारा... त्याला चेहरा नव्हता, फक्त नखं दिसत होती, नखांत जांभळी खपली.

"एकच कान?" दिसेबो म्हणाली. ती बाहेर जाताना घालायचा चांगला कोट घालून तयार होती.

"दुसऱ्या कानाने त्सोलोचं ऐकतोय."

ती हसली नाही. तिने त्याची कॉलर सरळ केली आणि पाठीवरून एकदा हात फिरवला, जणू तिथे अजून ठसे होते.

मैदानाबाहेर वुवुझेलांचा, त्या लांब पिपाण्यांचा गोंगाट, भाजलेल्या कणसांचा धूर, जांभळ्या शर्टांची नवी नवी इस्त्री. ट्रकवाल्या मालकाची झुळझुळीत बस सरळ फाटकाशी थांबली. खेळाडू उतरले, कानांत गाणी घातलेले, लांब केसांचे, त्यातला एकही बोत्शाबेलोचा नाही, आणि सरळ आत गेले. फाटकातून. जमिनीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दिसेबो मैत्रिणींबरोबर रांगेत शिरली. तू हो पुढे, असं तिला सांगून तो मैदानाला वळसा घालून मागच्या बाजूला गेला, का ते ठाऊक नसताना.

भिंत तिथेच होती. वरच्या विटा निसटून थोडी बुटकी झालेली – तीही म्हातारी. एका विटेची कड अकरा जणांच्या हातांनी गुळगुळीत झाली होती, त्याने तिथे तळहात टेकवले. ऊन खाऊन वीट गरम होती. नुसतं बघायचं होतं त्याला, शपथेवर... पण हात टेकले की पाठ आपोआप वाकते, त्याला तो काय करणार. तो वाकून उभा राहिला. कुणी येणार नव्हतं. फाटकातून गेले होते सगळे. एखादं वेडं झाड उभं असावं तसा तो उभा होता, आणि त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटत होतं वेगळंच, जेवून उठल्यासारखं.

"आणखी जरा खाली वाक."

सेफाकोने मान वळवली नाही. आवाज ओळखीचा होता.

"त्सोलो?"

"नाव घेऊ नकोस, गाढवा! लोक ऐकतील."

"तू तर म्हणालास—"

"फाटकाला पाय लावणार नाही म्हणालो. हे फाटक आहे का? वाक. गुडघा वर येत नाही पूर्वीसारखा."

"शिंग आणलंयस?"

"मग काय काखेत बोकड धरलाय? हलू नकोस!"

आणि पाय पडला. असलं वजन आयुष्यात त्या पाठीवर पडलं नव्हतं. रोव्हर्सचे अकराच्या अकरा एकदम चढले तरी पडलं नसतं, उद्या तो सांगेल की त्यामुळे भिंतच चार विटा खाली गेली. मणका करकरला. घोटा सुजलाय त्सोलोचा, पाठीला कळलं. घाबरलाय. रात्री झोपला नाहीये. मग वरून धाप, शिव्या, ब्लँकेट अडकल्याचा आवाज, पलीकडे धप्पकन काहीतरी पडलं, आणि थोड्या वेळाने, वुवुझेलांच्या गोंगाटाच्या खालून, कुडूच्या शिंगाचा तो घोगरा जुना आवाज... चुकीच्या सुरात, नेहमीसारखा.

सेफाकोचे डोळे भरून आले. घामाने असतील. हेल्मेट पुढे घसरलं होतं, एक कान जांभळा, एक तांबडा, आणि आज घरी गेल्यावर दुसरा रंगवायचा की पहिला खरवडायचा हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. पण समुद्राकाठचा तो म्हातारा आता अंगणात बसलेला दिसत नव्हता. तो उठला होता, इकडे यायला निघाला होता. माझं घ्या म्हणून त्याने काही दिलं नव्हतं, मीही त्याच्याकडे मागितलं नव्हतं, तरी त्याच्या घरातून निघालेलं माझ्या दारात आलं होतं, आणि त्याचे आभार कुठल्या तोंडाने मानायचे... तोंडाने नाहीच बहुतेक.

आत शिट्टी वाजली. पाठ रिकामी होती, तरी तो सरळ झाला नाही. गरम विटेवर तळहात जरा घट्ट रोवले, पाय फाकवले, आणि खांदे आणखी थोडे खाली नेले. समुद्राकडून यायचं म्हणजे रस्ता लांबचा; आणि त्या म्हाताऱ्याने फाटकातून यावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.