मखमली पेटीतला चिमटा

वाचकहो, सरकारी दवाखान्यात कारभाऱ्यांनाही एक रोग जडतो, आणि त्याचं नाव दिखाऊपणा!

निजामी अमदानीत अफझलगंजजवळच्या एका मोफत, खैराती दवाखान्याचे मोहतमीम, म्हणजे कारभारी, होते प्रभाकरपंत. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं घराणं. शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती राखेनं घासायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, सगळी एकाच फडक्यानं पुसायची आणि मखमली पेटीत मांडायची, ही त्यांची शिस्त. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणारे अंमलदार चकाकी पाहून खूश होत. डॉक्टर रजनीबाई मात्र हत्यारं उकळायला स्टोव्ह मागून मागून थकल्या होत्या. "उकळल्यानं मुलामा उडतो, बाई," असं म्हणून पंत त्यांची बोळवण करत.

एके सकाळी पंतांची लेक कमल तळहाताला गळू झालं म्हणून तिथेच आली. हात सुजून टम्म झाला होता, ठणक्यानं ती कळवळत होती. पंत स्वतः पेटी घेऊन आले.

रजनीबाईंनी त्यातला चिमटा उचलला, त्याचा सांधा ताणून उघडला आणि पंतांच्या नाकाखाली धरला.

"बघा!"

तेल, राख आणि वाळलेला पू यांचा पिवळा-काळा चिखल सांध्यात साचला होता. त्यात कुणाचा तरी केस अडकलेला. कुजका भपकारा आला आणि पंत दोन पावलं मागे सरले. मखमलीवरचे डाग ते तेलाचे समजत आले होते, तेही पुवाचेच! शी! याच पेटीला रोज हात लावून आपण घरी पानावर बसत होतो!

"काल दवाखान्यात आलेल्या मल्लम्माच्या बोटातली काच याच चिमट्यानं काढली," बाई म्हणाल्या. "नुसता पाण्यानं धुऊन वापरला. ते पाप माझ्याही माथी आहे. आता तिच्याकडे बघा."

ओसरीवर मल्लम्मा हात छातीशी धरून बसली होती. बोट काळंनिळं, कोपरापर्यंत लाल रेघ चढलेली.

"साब, कल काँच निकाले, तब से पूरा हाथ जल रा," ती कण्हत म्हणाली.

पंतांनी कमलला मागे ओढलं. "बाई, माझ्या कमलला हे लावू नका! घरून स्टोव्ह आणवतो, फौरन उकळा!"

"उकळते. पण प्रभाकरपंत, मल्लम्मा कुणाची लेक नाही का? चकाकी साहेबाच्या डोळ्यांत भरते, रोग्याच्या रक्तात जातो तो हा सांध्यातला गाळ!"

पंतांनी लगेच घरी माणूस पिटाळला.

स्टोव्ह आला. बाईंनी सांधे घासून हत्यारं उकळायला टाकली, तरी पाण्यावर तेलकट तवंग आला. ते पाणी ओतून दुसरं चढवलं. पंत नाकाला उपरणं लावून बघत राहिले. हत्यारं तयार होताच कमल रडत पुढे सरकली. पंतांनी तिला थांबवलं.

"आधी मल्लम्मा. तिचा हात आपण नासवलाय."

"अण्णा, मला सहन होत नाही हो!"

"जरा सबर कर, बाळ. तुझ्यासाठी पुन्हा उकळतील."



कमलचा हात बरा झाला. मल्लम्माचा जीव वाचला, पण बोट कापावं लागलं. त्या दिवसापासून पंतांच्या दवाखान्यात न उकळलेलं हत्यार कुणाच्या अंगाला लागलं नाही.

बंधुभगिनींनो, दवाखान्यात गेलात की चकाकीला भुलू नका. "हे उकळलंय का?" असं बेधडक विचारा. जी घाण आपल्याला बघवत नाही, ती दुसऱ्याच्या जखमेत जाऊ देणं याला निष्काळजीपणा म्हणू नका. तो खून आहे!