ग्लायसिनची क्रीम

माझ्या नणंदबाई क्रीम बनवतात आणि त्यासाठी माझा हात वापरतात. माझी कातडी नाजूक. मला जे चाललं ते जगाला चालणार, असा त्यांचा हिशोब. नवा घाणा निघाला की पहिलं बोट माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला. कसं वाटतंय म्हणून कधी विचारणार नाहीत, नुसत्या येऊन बघून जातात.

क्रीममध्ये फळांचं आम्ल असतं, चेहरा उजळायला. ते चावतं. म्हणून सोबत ग्लायसिन घालायचं. तेही आम्लच, अमिनो आम्ल, पण गरीब स्वभावाचं. पांढरी, गोडसर पूड, जळजळ शांत करते. डबीवर मोठ्या अक्षरांत त्याचंच नाव आहे. या वेळी आम्ल नेहमीइतकं आणि ग्लायसिन नावाला.

"वन्सं, हे कमी पडतंय," मी म्हटलं.

"लोक वास बघतात. पूड कोण बघतंय?"

माझा हात भाजल्यासारखा लाल झाला. तर ही बाई म्हणते, "तुझा हात आता कामातून गेला. लेकीला पाठव. कातडीने तुझ्यावरच गेलीये ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "क्रीम एवढी सौम्य आहे ना, मग तुमच्या लेकीला लावा."

वाटलं, आता हिची बोलती बंद. कुठली आई लावेल?

त्यांनी लावली. शेजारच्या खोलीतून पोरीला हाक मारली, बाही वर केली आणि माझ्याकडे बघत बघत चांगला जाड थर दिला.

"जळतंय का गं?"

"नाही, आई."

"ऐकलंस?" वन्सं मला म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेल्या.

मी पोरीचा हात ओढत नळाखाली नेला. कातडी टरारून लाल झाली होती. मला वन्संचा संताप आला आणि माझ्या जिभेचाही.

"मामी," पोर हळूच म्हणाली, "जळतंय म्हणून आईला सांगू नकोस हां."

वन्सं दारात आल्या. मी डब्यात बोटं बुडवली आणि त्यांच्यापुढे धरली. "या. आता तुमचा गाल."

त्या मागे सरकल्या. "वेडी झालीस का? मला उद्या चार लोकांत जायचंय."

नळ तसाच वाहत होता. पोर आईकडे बघत राहिली.