गुडघ्यांखालून ऐकलेली कबुली

मित्रांनो, माझी उंची जेमतेम वीतभर. त्यामुळे माणसांबद्दलची माझी मतं त्यांच्या गुडघ्यांवरून बनलेली आहेत. मी एक जुना पाट आहे, प्रार्थनेला गुडघे टेकायचा. टेबल करून उरलेल्या फळीतून एका सुताराने मला घडवलं, वर काथ्या भरून तपकिरी रेक्झिन ठोकलं आणि लांबून बघून म्हणाला, "बसायला ठेंगणा, उशाला उंच. टेकायलाच बरा." माझं एवढंच बारसं.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत माझी नेमणूक झाली. एका बाजूला काचा घासायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला फ्रेमचे खोके, मधे मी. चष्मेवाला रोज सकाळी शटर उघडण्याआधी माझ्यावर गुडघे टेकायचा. हात उत्तम कारागिराचा. प्रार्थनाही तशीच, घासूनपुसून गुळगुळीत केलेली. "देवा, बायकोच्या रागाबद्दल तिला क्षमा कर. धाकट्याला त्याच्या आळसाबद्दल क्षमा कर. चर्चच्या पाळकांना लांबलेल्या प्रवचनाबद्दल..." घरच्यांची आणि अर्ध्या मंडळीची पापं तो इतक्या मोकळ्या मनाने कबूल करायचा की ऐकत राहावं. स्वतःची पाळी आली की "आणि माझंही काय ते तुला माहीतच आहे," म्हणून उठायचा. चार मिनिटांत सगळं उरकलेलं. लोक त्याच्या भक्तीची तारीफ करायचे आणि पुरावा म्हणून माझ्या रेक्झिनवरचे दोन खळगे दाखवायचे. मी फुगायचो. खळगे पडलेला पाट जितका फुगू शकतो तितका.

मग आत्याचा चष्मा आला. आत्या शिवणकाम करायची. चष्मेवाल्याची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. तिच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे आणि फ्रेम गोल, म्हणजे कुठलीही काच कुठेही चपखल बसणार. त्याने घाईत डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली.

आठवड्याने ती दुकानात आली. "बाळ्या, जमीन अंगावर येते रे. सुईचं भोक सापडत नाही."

त्याने आत येऊन काचा तपासल्या, अगदी माझ्यासमोर. चूक त्याला तिथेच कळली. पण बाहेर आत्या चार गिऱ्हाइकांना सांगत होती की याच्यासारखा हात अख्ख्या बाजारात नाही. तो बाहेर गेला आणि म्हणाला, "काचा बरोबर आहेत, आत्या. डोळेच थकलेत तुझे. वय झालं. होईल सवय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना दोन मिनिटांवर आली. पुढे तो खुर्चीतूनच मान झुकवू लागला आणि माझ्यावर फ्रेमचे खोके चढले. दोन महिने मी त्यांच्याखाली होतो. धूळ मला नवी नव्हती, पण बिनकामाचं ओझं नवं होतं.

एका सकाळी बायको शटरच्या किल्ल्या द्यायला मागच्या दाराने आत आली. "ऐकलंत का? आत्यांनी शिलाई मशीन शेजारणीला देऊन टाकलं. दुपारी ती घेऊन जाणार. म्हणाल्या, आंधळीला कशाला हवं."

"आज?"

"आजच. तुम्ही का पांढरे पडलात?"

ती गेल्यावर त्याने खोके उतरवले आणि गुडघे टेकले. सवयीने सुरुवात झाली, "देवा, बायकोच्या रागाबद्दल..." आणि तो थांबला.

"देवा, काचा मी उलट बसवल्या. ती चूक होती. पण मला कळलं आणि तरी मी खापर तिच्या डोळ्यांवर फोडलं. हे पाप आहे, आणि ते माझं आहे. नाव राखायला मी तिला आंधळी ठरवलं. मला क्षमा कर. आणि तिला सांगायला तोंड उघडत नाहीये, तेवढं उघड."

वीज कोसळली नाही. देव दचकल्याचंही मला जाणवलं नाही. दोन महिने तो वाटच बघत असावा. गुडघे मात्र हलके झाले. वजनाच्या बाबतीत माझी चूक होत नाही.

त्याने फोन करून आत्याला मागच्या खोलीत बोलावून घेतलं. "आत्या, तुझे डोळे ठणठणीत आहेत. काचा मी उलट बसवल्या होत्या. आणि मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तू तक्रार घेऊन आलीस, त्याच दिवसापासून."

"मी भिंत धरून जिना उतरत होते, ते बघत होतास?"

"हो."

पुढे 'पण' आला नाही. त्याने काचा बदलल्या. आत्याने पिशवीतून सुई काढली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

"मशीन कुठेही जात नाही," ती म्हणाली. "शेजारणीला तू सांगायचंस, कारणासकट. क्षमा केली मी तुला. राग दोन दिवस राहील, त्याचं माझं मी बघेन."

"सांगतो."

"आता सरक. दोन महिने मी देवाला नाही नाही ते बोलले, माझे डोळेच का घेतलेस म्हणून. त्या बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता." आणि ती माझ्यावर टेकली.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलं तर शिवून घ्या, पाय डुगडुगला तर खिळा ठोका, पण मला खोक्यांखाली ठेवू नका. केलंत ते देवाला सरळ सांगा. तो क्षमा करतो, हे मी फार जवळून पाहिलंय. फक्त येताना स्वतःचे गुडघे आणा आणि स्वतःचंच पाप. इतरांचं इतर आणतील.