पातेऱ्याची गोण

काचबिंदूनं सासूबाईंचे दोन्ही डोळे गेले आणि स्वयंपाकघर त्यांच्या हातून सुटलं. विळीला हात लावू नका, गॅसपाशी जाऊ नका, हे मीच त्यांना दिवसभर ऐकवायची. नवरा मुंबईला, घरात आम्ही दोघीच. त्या पडवीत नुसत्या बसून राहायच्या आणि मला ते बघवायचं नाही. म्हणून ओल्या कचऱ्याचं खत करायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा भोकं पाडलेल्या पिंपात टाकायचा आणि वर मूठमूठ पातेरा, म्हणजे आंब्याची वाळकी पानं, पसरायचा. बागेतला पातेरा सगळे जाळतात, आम्ही तो गोणीत भरून घरी आणतो. पिंपात ओल किती झाली ते सासूबाई बोटांनीच ओळखत. त्यांच्या पिंपाला कधी घाण सुटली नाही, आणि मी मध्ये लुडबूड केलेली त्यांना खपत नसे.

गोण आधी अंगणात ओतायची, काठीनं पातेरा झोडपायचा आणि मगच आत घ्यायची, ही आमच्या पावस गावची रीत. मार्चमधल्या त्या दुपारी पाय भाजत होते. मी गोण तशीच फरफटत आत आणली, तोंड सोडून पिंपाशेजारी ठेवली आणि मोरीवर भांडी घासायला बसले.

"गॅसवर काय ठेवलंस गो? तडतडतंय बघ," सासूबाई म्हणाल्या.

गॅसवर काहीच नव्हतं. मी वळून पाहिलं तर त्या पाटावर बसलेल्या आणि त्यांचा हात कोपरापर्यंत गोणीत. आवाज तिथूनच येत होता, ओला तवा तापायला ठेवल्यावर येतो तसा. फुरसं, तो विषारी साप, चिडलं की अंगावर अंग घासून असाच आवाज काढतं. शेजारच्या भागोजीकाकांना मागे असंच एक डसलं होतं. माणूस वाचला, पण हात कामातून गेला.

"आई, हात हलवू नका," मी कसंबसं म्हटलं.

त्या थांबल्या. मान कलती करून त्यांनी कानोसा घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जनावर हाय?"

"हो."

"तू पुढं येव नको."

पुढं कसली येते? कोपऱ्यात काठी होती, हातभर अंतरावर, पण माझे पाय जागचे हलेनात. एवढी भित्री मी असेन असं मला कधी वाटलं नव्हतं. इथून रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काय होईल, नवऱ्याला फोनवर काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं.

सासूबाई हात मागे घेऊ लागल्या. जरासा घेतला की पानं कुरकुरत आणि तो चर्र आवाज वाढे. वाढला की त्या थांबत, श्वासही रोखून धरत. उतरला की पुन्हा जरासा. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. मनगट दिसलं. मग बोटं. हात बाहेर आला तसं मी धावले, त्यांना पाटावरून ओढलं आणि गोणीच्या तोंडावर परात दाबून वर वरवंटा ठेवला. मग त्यांची बोटं एकेक करून तपासली. कुठं खूण नव्हती.

भागोजीकाकांनी साप पकडणाऱ्या माणसाला बोलावलं. फुरसं वीतभरच होतं. त्या माणसानं ते वस्तीपासून लांब, कातळाच्या सड्यावर नेऊन सोडलं.

"पिंप आता बंद," मी रात्री जेवताना म्हटलं. "कचरा मी टाकेन कुठंतरी."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "आणि मी काय करू?"

"आई, मला भीती वाटते."

"मना नाय वाटली?" त्यांनी ताट बाजूला सारलं. "पन त्या पडवीत नुसतं बसून र्‍हायची मना जास्ती वाटते."

सकाळी मी गोण अंगणात ओतली. काठीनं पातेरा पान न् पान उलटला, दोनदा, प्रत्येक कुरकुरीला दचकत. मग पाटीत भरून आत नेला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात पुढे केला, आणि पानांच्या वरच थांबवला.

"तू बघितलंस ना गो नीट?"

"बघितलं."

तरी त्या थांबूनच राहिल्या. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसले आणि आधी माझा हात आत घातला.