पाय धुण्याचा रविवार

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल: ज्यांनी शेकडो वर्षं कुणावर काठी उगारली नाही, लढाईवर जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्या आमच्या मेनोनाइट पंथाच्या मंडळींनी चर्चच्या तळघरात एकमेकांचे दात पाडले. पाय धुवायच्या टबाच्या तळाशी दातच दात. त्यातला एक सोन्याचा होता. तो कुणाचा, यावर आमच्या ओहायोत अजून वाद चालू आहे.

"मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा दात नव्हते, ओरी," कॉफी ओतता ओतता विल्मा म्हणाली. पशुखाद्याच्या गिरणीतला हा कॉफीचा कोपरा तिचा. "नुसते चष्मे फुटले होते."

"मागच्या खेपेला तू शिळा केक दिला होतास. तेवढ्यात चष्मेच येतात."

टेबलाभोवतीचे शेतकरी हसले. शेजारी एलम नेहमीसारखा गप्प. मी जनावरांचे लिलाव पुकारतो, तो दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो; घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलंय. त्याचा डावा कान त्या मारामारीच्या रविवारीच गेला.

आमच्यात चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीआधी पाय धुतात. बायका वर, पुरुष तळघरात. एकाने गुडघे टेकून दुसऱ्याचे पाय धुवायचे, पुसायचे, मग दोघांनी उठून एकमेकांना पवित्र चुंबन द्यायचं. एलम आणि मी तीस वर्षं एका घरात राहिलो आणि तीस वर्षं एकमेकांचेच पाय धुतले. भर मंडळीत. कुणाला त्यात काही दिसलं नाही. उलट वडीलधारे म्हणायचे, "बंधुप्रेम बघायचं तर या दोघांचं बघा."

मग रोडाबाई आमच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, होऊन आल्या, सोबत त्यांची डोरिस. घर एक, पलंग एक, आणि बाईंनी काही लपवलं नाही. वर्षभर मंडळी धुमसत होती. बाईंना ठेवायचं का यावर मतदान झालं, बाई काठावर तरल्या. विरोधकांचा म्होरक्या मिलफर्ड स्टुट्झमन हरला. शंभर गाईंचा मालक, मान बैलाची. पुढच्याच रविवारी तो तळघरात आला. मी एलमसमोर गुडघे टेकले होते, एलमचे पाय पाण्यात होते, आणि इतक्या वर्षांनी मिलफर्डच्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा! अरे, हे दोघं... आमच्या डोळ्यांदेखत..."

"डोळे तुझेच होते, मिलफर्ड," मी म्हणालो. "आम्ही काही पडदा लावला नव्हता."

"यापुढे याच्या पायाला हात लावायचा नाहीस. एलम, ऊठ तिथून. तुम्हाला प्रभुभोजन नाही."

एलम उठला नाही. "पाय धुतल्याशिवाय मी उठत नाही," तो म्हणाला. "याने धुवायचे नसतील, तर तू धू."

समोर आलेल्या पायाला नाही म्हणायचं नाही, असा आमचा नियम. सगळे मिलफर्डकडे बघू लागले. त्याचा चेहरा बिटासारखा झाला. त्याने शेजारचा पत्र्याचा टब उचलला आणि त्याची कड एलमच्या कानावर हाणली.

मग काय विचारता! रोडाबाईंचे आणि मिलफर्डचे, दोन्हीकडचे एकमेकांवर तुटून पडले. भांडायची सवय नाही, त्यामुळे अंगठा मुठीत ठेवूनच ठोसे; निम्म्यांनी स्वतःचेच अंगठे मोडून घेतले. शांतीवर प्रवचन देणारा एमस "माफ कर भाऊ, माफ कर," म्हणत एकाचं नाक खिळखिळं करत होता. कुणाचा जबडा पायरीवर आपटला, कुणाचं डोकं खांबावर. आवाज असा, की पलीकडच्या तीन गोठ्यांतल्या गाईंचं दूध आटलं.

आणि एलम बसलेलाच. कानातून रक्ताची धार टबात पडत होती, पाणी लाल होत होतं, पण त्याने पाय बाहेर काढले नाहीत. तेवढ्यात मिलफर्डने ओकच्या लाकडाचा लांब बाक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि तो एलमकडे वळला.

"मग?" विल्माच्या हातातली किटली थांबली.

"मग मी ससा! मुरंब्याच्या बरण्यांचं कपाट होतं, त्याच्या मागे जाऊन बसलो. बाक बसला खांबावर, दोन तुकडे झाला. मला ओरखडासुद्धा नाही, बाई! पुढे मिलफर्ड आपली माणसं घेऊन रस्त्यापलीकडे गेला, नवं चर्च बांधलं. आम्ही आमच्याच जागेवर राहिलो. पाय धुणं तेवढं त्या दिवशी राहून गेलं."

सगळे हसले. एलमने कप खाली ठेवला.

"खोटं," तो म्हणाला. "कपाटामागे कुणी नव्हतं. हा माझ्यावर आडवा पडला होता. बाक याच्या पाठीवर तुटला. मारत राहिले, तरी याने हात उचलला नाही. पाठ फुटलेली, आणि उठून आधी माझे पाय धुतले, पुसले. शर्ट वर कर, ओरी. बघू दे यांना."